"शेळ्या नग 3, रंग काळा": पोलीस महासंचालक साहेबांना एका शेळीवाल्याचं खुलं पत्र

मा. पोलीस महासंचालक साहेब, महाराष्ट्र राज्य,
आणि गृह विभागात जे कोणी हे वाचतील ते सगळे,

नमस्कार. मी नीरा काठचा शेळीपालक. रान अडीच एकर, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत, म्हणून ऊस नाही आणि म्हणून शेळ्या. गेल्या महिन्यात अमावस्येच्या आदल्या रात्री गोठ्यातनं तीन जनावरं गेली, दोन दुभत्या शेळ्या आणि एक बोकड, बोकड बकरी ईदसाठी राखून ठेवलेला, म्हणजे त्याचे पैसे कुठं कुठं द्यायचे ते ठरलेलं होतं. कुत्रं भुंकलं नाही, त्याला काहीतरी खायला टाकलं असणार, कारण सकाळी अकरापर्यंत ते उठलंच नाही. मागचा पत्रा उचकटलेला, बांधावरनं डांबरीपर्यंत खुरांचे ठसे, तिथं रुंद टायरचा ठसा, आणि पुढं काही नाही.

पोलीस स्टेशन कुठलं ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं वैर नाही. एका बीट अंमलदाराकडं पंधरा-सोळा गावं, त्यात निवडणूक, यात्रा, बंदोबस्त, तो माणूस तरी काय करणार. तीन हेलपाटे मारल्यावर तक्रार घेतली. पण तक्रारीत जनावरांचं वर्णन काय लिहिलं माहितीय का? "शेळ्या नग 3, रंग काळा." साहेब, उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच असते. म्हणजे कागदावर एवढंच आलं की चोरीला गेली ती शेळी होती. मी सांगत होतो की एकीचं डावं शिंग टोकाला मोडलंय, दुसरीच्या गळ्याला एकच लोलक, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी मांसाची बोंडी, आहे कारण दुसरा लहानपणी कुत्र्यानं तोडला, बोकडाच्या उजव्या कानाच्या आत पांढरा ठिपका आहे रुपयाएवढा, आणि तिघंही चार दाती की दोन दाती, म्हणजे दातांवरनं वय, ते पण सांगितलं. टायपिंग करणारा पोरगा चांगला होता बिचारा, म्हणाला काका एवढं कुठं लिहू, आणि दाती म्हणजे काय?

राग नाही आला मला त्याचा. त्याला कुणी शिकवलंच नाही. मोटरसायकल चोरीला गेली तर तो इंजिन नंबर विचारतो, चेसिस नंबर विचारतो, मोबाईल गेला तर आयएमईआय. शेळी गेली तर काय विचारायचं हे खात्यात कुणालाच ठरवून दिलेलं नाही, आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय.

झोप लागत नव्हती म्हणून रात्री मोबाईलवर वाचत बसायचो, इंग्रजीतलं पोरगी समजावून सांगायची. तर कळलं की आपण काही जगावेगळं दुःख घेऊन बसलो नाही. जिथं जिथं जनावरं मोकळ्या रानात चरतात तिथं हा धंदा आहे आणि कितीतरी देशांनी त्यासाठी वेगळे पोलीस उभे केलेत, काही ठिकाणी तर दीडशे वर्षं होत आली.

अमेरिकेत टेक्सासमध्ये ग्रॅहम नावाचं एक गाव आहे, तिथं 1877 च्या फेब्रुवारीत चाळीसेक गुरंवाले एकत्र बसले, विषय एकच, गुरं चोरीला जातात. तेव्हा तिथं कुंपणं नव्हती, सगळ्यांची गुरं एकत्र चरायची, ओळख काय तर अंगावरचा डाग, म्हणजे तापलेल्या लोखंडानं उठवलेली ज्याची त्याची खूण. ह्या लोकांनी पुढं काय केलं बघा. रात्री रानात बंदुका घेऊन हिंडण्यापेक्षा त्यांनी माणसं नेमली आणि ती नेऊन बसवली बाजारात आणि रेल्वेत गुरं भरायच्या ठिकाणी. चोरलेलं जनावर चोर घरात ठेवत नाही, ते कुठंतरी विकावंच लागतं, आणि विकायच्या जागा मोजक्या. त्या माणसाचं काम एकच, येणाऱ्या प्रत्येक गुराचा डाग बघायचा, वहीत लिहायचा, विकणाऱ्याला विचारायचं हा डाग तुझा का. ही संघटना आजही चालू आहे, फोर्ट वर्थला ऑफिस आहे, आजही त्यांची माणसं लिलावात येणाऱ्या गुरांचे डाग आणि खुणा नोंदवतात. शिवाय तीसेक स्पेशल रेंजर आहेत, त्यांचा पगार संघटना देते पण अटक करायचा अधिकार सरकारनं दिलेला.

काम सोपं नव्हतं. 1923 च्या 1 एप्रिलला ह्याच संघटनेचे दोन इन्स्पेक्टर, अ‍ॅलिसन आणि रॉबरसन, सेमिनोल नावाच्या गावात हॉटेलात बसलेले असताना गोळ्या घालून मारले. दुसऱ्या दिवशी त्यांना गुरंचोरीच्या केसमध्ये कोर्टापुढं बोलायचं होतं. दोघंही जुने मुरलेले टेक्सास रेंजर, म्हणजे तिथल्या राज्याचे पोलीस. म्हणजे "शेळीचोर काय, भुरटे असतात" असं जे आपल्याकडं हसत हसत म्हणतात ना, तसं ते नसतंय.

आता कुणी म्हणेल की मग तुम्हीपण संघटना काढा, वर्गणी गोळा करा, माणसं नेमा, सरकारला कशाला त्रास. तर त्याच अमेरिकेतलं दुसरं उदाहरण पण वाचलं मी. वायोमिंग राज्यात जॉन्सन काउंटी, 1892. तिथल्या बड्या गुरंवाल्यांच्या संघटनेनं टेक्सासहून भाड्याचे बंदूकवाले आणले, चोरांची म्हणून नावांची यादी केली आणि निघाले मारायला. यादीत खरे चोर किती आणि मोठ्यांच्या डोळ्यात खुपणारे छोटे शेतकरी किती, यावर आजही वाद आहे. दोघांना मारलं. मग गावकरीच भडकले, त्यांनी ह्या टोळीला एका वाड्यावर कोंडलं, शेवटी लष्कराचं घोडदळ आणून टोळीला वाचवावं लागलं, आणि शिक्षा? एकालाही नाही. म्हणून म्हणतो साहेब, हे काम सरकारी वर्दीतच पाहिजे. खाजगी माणसाच्या हातात यादी आणि बंदूक दोन्ही गेलं की ते चोर पकडणं राहत नाही. आपल्याकडंपण रात्री गस्त घालणाऱ्या पोरांच्या हातात काठ्या असतात, व्हॉट्सअपवर अफवा असते, आणि धुळ्याच्या राईनपाड्याला 2018 मध्ये काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाच माणसं मेली, भिक्षा मागून खाणारी.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर आमच्या पारावर सांगितली तर लोक रात्रभर बसतील. 1870 मध्ये हॅरी रेडफोर्ड नावाच्या गड्यानं क्वीन्सलँडमधल्या बोवेन डाऊन्स नावाच्या अवाढव्य रानातनं हजारेक गुरं हाकलली, आणि जिथनं गुरं जिवंत जाऊ शकतील असं कुणाला वाटत नव्हतं अशा कोरड्या रानातनं पार दक्षिण ऑस्ट्रेलियात नेऊन विकली. सापडला कशामुळं? त्या कळपात एक पांढरा वळू होता, लांबून आणलेला, कुणीही ओळखेल असा, तो त्यानं वाटेतच विकला आणि तिथंच फसला. तो वळू पुरावा म्हणून कोर्टापर्यंत आणला. आणि तरी 1873 ला रोमा गावच्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं! एवढी गुरं एवढ्या लांब नेली ह्याचंच लोकांना कौतुक. सरकार इतकं चिडलं की त्या कोर्टाचे फौजदारी खटले चालवायचे अधिकारच दोन वर्षं काढून घेतले. (ज्युरीत एकतरी शेळीवाला असता तर असं झालं नसतं असं आमच्या आईचं मत.)

त्याच क्वीन्सलँडमध्ये पुढं जनावरांच्या चोरीसाठी पोलिसांचं वेगळं स्टॉक स्क्वाड झालं. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये तर अलीकडची गोष्ट आहे, पोलिसातलेच एक निवृत्त बडे अधिकारी स्टीव्ह ब्रॅडशॉ यांना सरकारनं सांगितलं की ह्या सगळ्या कारभाराचा आढावा घ्या, तो 2016 ला झाला आणि 2017 ला ग्रामीण गुन्ह्यांचं नवं पथक उभं राहिलं. केनियात 1965 पासून वेगळं दल आहे, गिलगिलला मुख्यालय. ब्रिटनमध्ये ट्रॅक्टरचे जीपीएस चोरीला जायला लागले तेव्हा 2023 ला देशपातळीवरचं ग्रामीण गुन्हे युनिट निघालं. 

पण मला सगळ्यात पटलं ते दक्षिण आफ्रिकेचं, कारण तिथं आपल्यासारखेच दोन-चार जनावरंवाले गरीब लोक भरपूर. त्यांच्याकडं 1959 चा स्टॉक थेफ्ट कायदा आहे, फक्त जनावरांच्या चोरीसाठी. त्यात म्हटलंय की तुझ्याकडं जनावर सापडलं, ते चोरीचं असल्याचा रास्त संशय आला आणि तू ते कुठनं आणलं हे धड सांगू शकला नाहीस तर तो गुन्हा. जनावर विकताना कागद द्यायचा, रस्त्यानं नेताना कागद सोबत ठेवायचा. 2002 ला आणखी एक कायदा आला, प्रत्येक मालकाची खूण नोंदलेली पाहिजे, मोठ्या गुराला डाग आणि शेळ्यामेंढ्यांना कानात गोंदण. त्यांच्या पोलिसात जनावरचोरीची वेगळी युनिटं आहेत. तरी तिथं वर्षाला हजारो गुन्हे नोंदले जातात, म्हणजे चोरी काही थांबली नाही, पण निदान तिथं ती मोजली जाते. आमच्या गावातल्या गेल्या तीन वर्षांतल्या शेळीचोऱ्या मी बोटावर मोजल्या, अकरा झाल्या. त्यातल्या कागदावर किती? दोन. आणि एक माझी.

आता आपल्याच घरचं. हे असलं काही महाराष्ट्रात कधी नव्हतंच असं समजू नका. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं 1819 ला जो अहवाल लिहिला त्यात गावच्या पहारेकऱ्याचं काम लिहून ठेवलंय. चोरी झाली की पहारेकऱ्यानं पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या पहारेकऱ्याला तो दाखवून त्याच्या हवाली करायचा, मग पुढं शोधायची जबाबदारी त्याची. माग जिथं जाऊन थांबला त्या गावावर भरपाई यायची. आमच्या भागात हे काम रामोशांकडं होतं, खुराच्या ठशावरनं जनावर गाभण आहे का लंगडतंय हे सांगणारी माणसं आमच्या आजोबांनी बघितलेली. म्हणजे ग्रामीण चोरीचे स्पेशालिस्ट पोलीस आपल्याकडं टेक्सासच्याही आधीपासून होते, फक्त त्यांना पगार नव्हता, वतन होतं, बलुतं होतं.

मग इंग्रजांनी काय केलं तर रामोशांचे किल्ल्यावरचे आणि गावचे हक्क काढून घेतले. राखण करणाऱ्यालाच उपाशी ठेवल्यावर काय होतं त्याचं उत्तर पुरंदरच्या उमाजी नाईकांनी दिलं, 1832 ला पुण्यात त्यांना फाशी दिली. आणि 1871 साल तर विसरण्यासारखं नाही. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले, एक गुरं कोंडवाड्यात घालायचा आणि एक माणसं, क्रिमिनल ट्राइब्स अ‍ॅक्ट, म्हणजे सबंध जमातीच गुन्हेगार ठरवणारा. तो 1911 नंतर आपल्या मुंबई इलाख्यातपण आला, सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, आणि 1952 च्या 31 ऑगस्टला ती माणसं विमुक्त झाली. हे मुद्दाम लिहितोय. पशुधन चोरीचं पथक करा म्हणणारा मी पहिला, पण त्या पथकाच्या कपाटात अमुक जातीच्या वस्त्यांची यादी नको. चोरी झाली की पहिल्यांदा पालावर गाडी जाते, हे आम्ही गावात राहून बघतो. माझी शेळी ज्या गाडीनं गेली तिचं टायर पालावरच्या माणसाला परवडणारं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर वतनदारी गेली, 1967 चा ग्राम पोलीस कायदा आला, पोलीस पाटील राहिला मानधनावर. आमचे पोलीस पाटील सज्जन आहेत, पण माग काढायचा तर डांबरीवर काय काढणार?

आता तुमच्या नव्या कायद्याबद्दल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात चोरीचं कलम 303. पाच हजारांच्या आतली चोरी असेल, पहिल्यांदाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा म्हणजे समाजसेवा, आणि मुख्य म्हणजे तो गुन्हा अदखलपात्र, एनसी. मला समाजसेवेचं काही वाईट वाटत नाही, भाकरी चोरणाऱ्याला जेल नकोच. पण साहेब, दोन-तीन महिन्यांच्या करडाची किंमत किती? साडेतीन-चार हजार. आमच्या शेजारणीचं एक करडू गेलं तर तिला सांगितलं, पाच हजारांच्या आत आहे, एनसी घेतो. ती बाई विधवा आहे, त्या करडावर तिनं पोरीच्या अ‍ॅडमिशनचा हिशोब धरलेला. आणि चोराला हे कळलं की तो एका गावात एकच करडू उचलणार, रात्रीत पाच गावं करणार, आणि पाच ठिकाणी पाच एनसी.

पुढचं कलम 112, किरकोळ संघटित गुन्हेगारी. टोळीनं केलेल्या चोऱ्यांसाठी आहे, एक ते सात वर्षं शिक्षा. त्यात चोरीचे प्रकार नावानिशी दिलेत, पाकीटमारी, दुकानातली चोरी, कार्ड स्किमिंग, गाडीतली चोरी, एटीएम चोरी. पोरीनं मला दोनदा वाचून दाखवलं, जनावर हा शब्दच नाही. गंमत बघा, आमच्याकडं शेळीला गरिबाचं एटीएम म्हणतात, आजारपण आलं की एक विकायची. बँकेचं एटीएम फोडलं तर कायद्यात नाव आहे. आता तुमचे वकील म्हणतील "तत्सम" शब्द आहे, त्यात बसवता येतं. शिवाय कलम 305 आहे, राहायच्या किंवा माल ठेवायच्या इमारतीतनं चोरी केली तर सात वर्षांपर्यंत, त्यात किमतीची अट नाही. मग पत्रा मारलेला, दार असलेला गोठा ही माल ठेवायची इमारत नाही का? मला तर वाटते. तुम्ही एक परिपत्रक काढून सगळ्या ठाण्यांना कळवा की गोठ्यातनं जनावर गेलं तर 305 लावायचं का ते तपासा आणि एनसीवर भागवू नका. त्याला नवा कायदा नको, नवा जीआर पण नको, एक सही पुरेल.

आणि बाजार. सगळं येऊन थांबतं बाजारावर. सरकारनं जनावरांच्या कानात बारा आकडी नंबरचे पिवळे बिल्ले मारले, चांगलं काम केलं, आमच्या शेळ्यांना पण मारले होते. 1 जून 2024 पासून बिल्ला नसेल तर खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही असा नियमपण आला. साहेब, एकदा साधे कपडे घालून कुठल्याही शेळीबाजारात पहाटे पाचला या. टॉर्चच्या उजेडात सौदे होतात, सात वाजेपर्यंत निम्मा माल पिकअपमध्ये चढून मुंबईच्या दिशेनं गेलेला असतो. कान कोण बघतं? पावती करणारा नग मोजतो आणि पैसे घेतो. बिल्ला कापायला एक ब्लेड आणि दहा सेकंद लागतात, मागं राहतो फाटलेला कान, आणि फाटलेला कान हाच खरा पुरावा आहे पण तो ओळखणारा माणूस तिथं उभा नाही. पूर्वी बैलबाजारात दाखला व्हायचा, त्यात रंग, शिंगं, दात, भोवरा सगळं लिहायचे, विकणाऱ्याचं नाव गाव आणि ओळखीचा साक्षीदार. ते टेक्सासच्या वहीसारखंच की. आपण ते सोडून दिलं आणि म्हणतो चोर सापडत नाहीत.

विहिरीवरच्या मोटारी, केबल, ठिबकच्या नळ्या, डीपीतलं तेल, तोडणीला आलेलं डाळिंब, ह्यावर दुसरं पत्र होईल. पण त्याचंपण असंच आहे, तांबं भंगारवाल्याकडं जातं.

म्हणून मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या एलसीबीत, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत, पाच माणसं द्या, जास्त नको, पण खेड्यातली, ज्यांच्या घरी जनावर आहे अशी, आणि त्यांची वर्षभर तरी बदली नको, बंदोबस्ताला उपसू नका. त्यांच्यातल्या दोघांनी बाजाराच्या दिवशी गेटवर उभं राहायचं, पशुसंवर्धन खात्याचा माणूस बिल्ला स्कॅन करायला सोबत. पाच वाजता, नऊ वाजता नाही. आणि तक्रारीचा एक फॉर्म करा जनावरासाठी, त्यात शिंगं, कान, दात, लोलक, अंगावरच्या खुणा, बिल्ल्याचा नंबर आणि मोबाईलमधला फोटो, कारण आता सगळ्यांच्या मोबाईलमध्ये शेळीचा फोटो असतो, विकायच्या ग्रुपवर टाकायला काढलेला. तो फोटो मी दाखवत होतो त्या दिवशी. म्हणाले, व्हॉट्सअप करून ठेवा.

केला. निळी टिक आलीय.

येत्या बाजाराला मी स्वतः जातोय, पोरगी पण येणार आहे, पहाटे चारची एसटी नाही म्हणून शेजाऱ्याच्या टेम्पोत. बोकड उजव्या कानाच्या आत पांढरा ठिपका, रुपयाएवढा. एका शेळीचं डावं शिंग मोडलेलं, दुसरीला एकच लोलक. तुमच्यातलं कुणी आलं तर मी पावतीच्या टेबलाजवळ उभा आहे, डोक्याला पांढरा टॉवेल.

आपला,
नीरा काठचा एक शेळीवाला